हात न लावता नव्वद सेकंद

अण्णांच्या ट्रकच्या केबिनमध्ये दोन ऋतू एकाच वेळी नांदत असत. गुडघ्यांच्या खाली कडक उन्हाळा आणि गुडघ्यांच्या वर कडाक्याची थंडी. मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण मांडीच्या सुमारास, हवामान उत्तम असे; पण माणसाला गाडी मांडीने चालवता येत नाही.

डॅशबोर्डवर एक गोल बटण होतं आणि त्याभोवती छोटी छोटी चित्रं. एका चित्रात बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बाण, दुसऱ्यात पायांकडे, तिसऱ्यात समोरच्या काचेकडे. बटण कुठल्याही चित्रावर नेलं तरी वारा पायांकडेच जाई. पाय भाजून निघत आणि समोरची काच पाच मिनिटांत धुरकट होई. अण्णा एका हाताने स्टिअरिंग धरत, दुसऱ्या हाताने टॉवेलने काच पुसत, आणि शेजारी कोणी बसलं असेल तर त्याला सांगत, "मला सवय आहे."

'सवय' हा शब्द वाहन तपासणी कचेरीच्या यादीत नव्हता. त्या यादीतलं सतरावं कलम असं होतं की, समोरची काच तीन मिनिटांत स्वच्छ झाली पाहिजे. अण्णांच्या काचेने तीन मिनिटांत त्या दिशेने काहीही प्रगती केली नाही. अधिकाऱ्याने सतराव्या कलमासमोर फुली मारली आणि पुन्हा तपासणीला शुक्रवारी दुपारी बाराच्या आत यायला सांगितलं.

हा शुक्रवार साधा नव्हता. अण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं शहर वाचनालयाच्या पुस्तकांच्या पेट्या सात शाखांमध्ये पोचवत होते. सातही शाखांतल्या बाया त्यांच्या हॉर्नच्या आवाजावर घड्याळं लावत. या फेरीचा करार दरवर्षी नवा व्हायचा आणि त्यासाठी तपासणीचा दाखला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वाचनालयात पोचायला हवा होता. नाही पोचला, तर फेरी दुसऱ्या कोणाला तरी गेली असती आणि अण्णा सोमवारपासून घरी. घरी राहण्याबद्दल अण्णांचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं माईंचं होतं. "तुम्ही घरी बसलात की घरातली प्रत्येक वस्तू अर्धा फूट सरकते," असं त्या म्हणत, आणि हे निरीक्षण खरं होतं. अण्णांना कुठलीही गोष्ट हात न लावता पाहता येत नसे. लग्नाला गेले तर ते खुर्च्यांची रांग सरळ करत. दवाखान्यात गेले तर डॉक्टरांच्या टेबलावरचं कॅलेंडर फिरवून ठेवत.

फुली पडल्याची बातमी इमारतीत अण्णांच्या आधी पोचली. तळमजल्यावरच्या रजिस्ट्रारांनी (नोंदणी कचेरीतून निवृत्त होऊनही हुद्दा त्यांना चिकटून राहिला होता) अण्णांना जिन्यातच गाठलं.

"एसीचा गॅस संपलाय," ते म्हणाले.

"गरम हवा छान येतेय हो."

"तेच तर लक्षण आहे."

रजिस्ट्रारांचं हे वैशिष्ट्य होतं की कुठलीही गोष्ट त्यांच्या मताच्या विरुद्ध जात नसे. गार हवा आली असती, तर तेही लक्षण ठरलं असतं. वरच्या मजल्यावरच्या ड्रिल मास्तरांचं मत पडलं की, वाऱ्याच्या नळीत उंदीर अडकला आहे. दोघांत वीस मिनिटं वाद झाला आणि शेवटी असा तोडगा निघाला की गॅस संपलाय आणि उंदीरही आहे.

मिस्त्रीने इतका वेळ घेतला नाही. त्याने बटण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं, डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाला, "सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागणार. पुढच्या महिन्यात वीस तारखेला आणा."

"मला शुक्रवारी पाहिजे."

"मग गेल्या महिन्यात आणायची."

रविवारी सकाळी चहा घेताना अण्णा हे सगळं माईंना सांगत होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सून टोस्टला लोणी लावत होती. ती पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झालेली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवायची. लग्न होऊन चार महिने झाले होते. नवरा कंपनीच्या कामाने पंधरा दिवस बाहेरगावी, त्यामुळे घरात तीनच माणसं. अण्णांशी तिचं बोलणं अजून "अण्णा, वर्तमानपत्र झालं का?" एवढ्यापर्यंतच आलं होतं.

"अण्णा, मी बघू का?" ती म्हणाली.

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. अकरा वर्षं त्यांनी ती गाडी स्वतःच्या हाताने धुतली होती. गाडीची नाडी आपल्याला कळते, असं ते चारचौघांत सांगत. आता त्या गाडीला चार महिन्यांची सून तपासणार.

"बघ की," ते म्हणाले. हे 'बघ की' ते साधारणपणे विमा विकणाऱ्यांना म्हणत.

सुनेने पाना आणला नाही. तिने वही आणली, टिश्यूपेपरची पेटी आणि चिकटपट्टी. वारा येण्याच्या प्रत्येक जागी तिने कागदाची लांब पट्टी चिकटवली: तोंडाकडच्या चार जाळ्यांना चार, काचेखालच्या फटीला तीन, पायांपाशी दोन. मग चावी फिरवून तिने पंखा एक, दोन, तीन, चार अशा वेगांवर लावला, दर वेगाला बटण प्रत्येक चित्रावर नेलं आणि कुठली पट्टी किती हलते ते वहीत लिहिलं. हे पाऊण तास चाललं. ट्रक भररस्त्यात उभा, आत कागदी झिरमिळ्या. जाणारे-येणारे थांबून बघत होते. एका बाईने अण्णांना विचारलं, "वाढदिवस आहे का कोणाचा?"

"तपासणी चालू आहे," अण्णा म्हणाले. ते जितक्या गंभीरपणे म्हणाले तितकं ते आणखी वाढदिवसासारखं वाटलं.

"पंखा ठीक आहे, चारही वेग आहेत," सून वही मिटत म्हणाली. "गरम ठीक, गारही ठीक. म्हणजे गॅस आहे. फक्त वारा कुठे जायचा हे ठरत नाहीये. आत एक झडप असते, अण्णा. वाऱ्याला कधी वर, कधी खाली वळवते. ती हलवायला एक छोटी मोटर असते. त्या दोघांपैकी एक बिघडलंय. उद्या कॉलेजमधून आले की उघडून बघते. तोवर काही बदलू नका हं. आज काय आहे ते आपल्याला माहीत आहे, तेच उद्या असलं पाहिजे."

एवढं साधं सांगितल्यावर कोणीही गप्प बसलं असतं. पण सोमवारी दुपारी घरात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि ट्रक खाली उभा होता. अण्णांच्या डोक्यात एक विचार आला. तो त्यांना इतका सोपा वाटला की एम. एस्सी.ला तो कसा सुचला नाही याचं नवल वाटलं. वारा खाली जातो. खालची वाट बंद केली तर तो जाणार कुठे? वर. पाणीसुद्धा असंच वागतं.

त्यांनी कपाटातून लोकरी मोज्यांच्या तीन जोड्या घेतल्या, पायांपाशी वारा येण्याच्या दोन्ही जागी कोंबल्या आणि पंखा तीनवर लावून वाट पाहत बसले. वारा वर आला नाही. तो कुठेच आला नाही. दहाएक मिनिटांनी केबिनमध्ये गरम लोकरीचा आणि बऱ्याच जुन्या पावलांचा वास पसरला, मग कुठूनतरी 'टक' असा बारीक आवाज झाला आणि पंखा बंद पडला. अण्णांनी तो घाईघाईने एकवर लावला, दोनवर लावला. काही नाही. चारवर लावल्यावर तो एकदम भणाणून सुरू झाला. अण्णांनी सुस्कारा सोडला. चालतोय म्हणजे झालं. त्यांनी मोजे ओढून काढले आणि सीटच्या मागे लपवले. पाच काढले. सहावा हाताला लागला नाही.

संध्याकाळी सून डॅशबोर्डखाली आडवी झाली. तिचे पाय दाराबाहेर रस्त्यावर होते, डोकं पेडलांपाशी.

"अण्णा, पंखा लावा बरं. दोनवर."

"चारवर लावू का? चारवर छान येतो."

खालून थोडी खुडबुड ऐकू आली. मग तिचा हात बाहेर आला, दोन बोटांत एक करडा लोकरी मोजा धरलेला.

"काल चारही वेग होते," मोजा म्हणाला. म्हणजे सून म्हणाली, पण अण्णांना दिसत फक्त मोजा होता. "कालपासून काही बदललंय का?"

"छे. काही नाही."

"हं. पंख्याचा वेग कमी करायला एक रेझिस्टर असतो. तो तापतो. त्याला गार ठेवायचं काम त्याच वाऱ्याचं असतं. वारा कोंडला की तो जळतो. मग फक्त पूर्ण वेग उरतो, कारण त्याला रेझिस्टर लागत नाही."

"असं होय," अण्णा म्हणाले, जणू ही दुसऱ्या कोणाच्या ट्रकची गोष्ट होती.

तिने वहीत लिहिलं: 'रेझिस्टर जळाला. कारण: अज्ञात.' मोजा तिने घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि घरी गेल्यावर धुवायला टाकला. माईंनी तो दोरीवर पाहिला, सीटमागचे पाच आणवले, सहा जुळवले, आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "ट्रकला थंडी वाजत होती वाटतं."

मोटर मंगळवारी निघाली. मुठीएवढा काळा डबा. सुनेने तो उघडला तेव्हा आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चाकाचे ओळीने पाच दात तुटलेले होते. मोटर बिचारी फिरत होती, चाक फिरत होतं, पण दात नसलेल्या जागी आलं की झडप सुटायची आणि आपल्या वजनाने खाली पडून राहायची. अण्णांनी ते चाक तळहातावर घेतलं. एवढ्याशा वस्तूने आपल्याला दोन महिने टॉवेल धरायला लावला, याचं त्यांना वाईट वाटलं. शत्रू निदान मोठा तरी असावा.

बुधवारी ते दोघं सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने जुनी मोटर पाहिली, कपाटातून अगदी तशाच दोन मोटरी काढून समोर ठेवल्या आणि विचारलं, "यातली कुठली?"

"सारख्याच दिसतायत," अण्णा म्हणाले.

"दिसतात. एक डावीकडून सुरू होते, एक उजवीकडून. नंबर सांगा."

मोटरीवरच्या नंबराच्या चिठ्ठीचा अर्धा भाग घासून गेला होता. सुनेने खिशातून भिंग काढलं. (प्रयोगशाळेतली माणसं खिशात भिंग का ठेवतात, हा प्रश्न अण्णांना चार महिने पडला होता, त्याचं उत्तर मिळालं.) तिने उरलेले आकडे वाचले, दुकानदाराच्या जाड वहीत जुळवले, मोटर घेतली आणि नवा रेझिस्टरही. अण्णा मुकाट्याने मागे उभे होते. येताना त्यांनी आपण होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली.

गुरुवारी संध्याकाळी सगळं बसलं. अण्णांनी चावी फिरवली, बटण काचेच्या चित्रावर नेलं. वारा पायांकडे आला.

रजिस्ट्रार खिडकीबाहेरच होते. "गॅस," ते म्हणाले.

सुनेने मोटरीच्या खोक्यातला घडीचा कागद काढला. कागद पातळ आणि अक्षर मुंगीएवढं. भिंगाखाली त्यात एक परिच्छेद सापडला. नवी मोटर बसवल्यावर बॅटरीची वायर पाच मिनिटं काढून ठेवायची. मग जोडून गाडी चालू करायची. मोटर झडपेला आपोआप एका टोकापर्यंत नेते, मग दुसऱ्या टोकापर्यंत, आणि दोन्ही टोकं लक्षात ठेवते. याला नव्वद सेकंद लागतात. या वेळात कोणत्याही बटणाला हात लावू नये. लावल्यास, हात लागला तिथेच टोक आहे असं मोटर समजते.

"म्हणजे आपण तिला मघाशी अर्धवट शिकवलं," सून म्हणाली. "तिला वाटतंय, जग गुडघ्यांपाशी संपतं."

पाच मिनिटं वायर काढली. जोडली. चावी. सून घड्याळाकडे बघून मोजू लागली. अण्णा हात मांडीवर ठेवून बसले. एकवीसपर्यंत आत बारीक टिकटिक ऐकू येत होती. बाविसाव्या सेकंदाला अण्णांना वाटलं, बटण जरासं तिरकं उभं आहे. फार नाही, केसभर. त्यांनी ते सरळ केलं.

सुनेने मोजणं थांबवलं. वहीत 'बावीस' असं लिहिलं. ते जास्त वाईट होतं.

दुसऱ्या खेपेला माई चहा घेऊन खाली आल्या आणि पलीकडच्या दाराने आत बसल्या. साठाव्या सेकंदाला त्यांच्या तोंडावर गरम वारा आला, आणि "अगं बाई, भाजतंय," म्हणत त्यांनी बटण बंद केलं. तिसऱ्या खेपेला आत कोणी काही केलं नाही, पण त्र्याऐंशीव्या सेकंदाला खिडकीतून रजिस्ट्रारांचा हात आला आणि बटण फिरवून, "हे असं करून पाहिलंत का?" असं विचारून परत गेला. आता मोटरीच्या समजुतीप्रमाणे वारा फक्त शेजारी बसलेल्याच्या डाव्या कानाकडे जात होता. अंधार पडला, बोटं गारठली, आणि उरलेलं सकाळी करायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी माईंना वरच थांबवलं. रजिस्ट्रार अजून उठले नव्हते. केबिनमध्ये फक्त सून आणि अण्णा. अण्णा यावेळी स्वतःच्या दोन्ही हातांवर बसले होते, जसं मुलांना बसवतात तसे. सत्तर झाले. शहात्तर झाले. सकाळची थंडी होती, दोघांच्या श्वासाने समोरची काच हळूहळू पांढरी होत गेली, आणि काच पांढरी झाली की काय करायचं हे अण्णांच्या उजव्या हाताला पाठ होतं. तो हात अण्णांना न विचारता बाहेर आला आणि बटण काचेच्या चित्रावर नेऊन ठेवता झाला.

अण्णांनी त्या हाताकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"साडेदहा झालेत," सून म्हणाली. "चला निघू. रांगेत करू."

कचेरीच्या आवारात पुढे नऊ गाड्या होत्या. सुनेने उतरून बॅटरीची वायर काढली. दुसऱ्याच मिनिटाला रांग सरकली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. ट्रक काही सुरू होणार नव्हता, तेव्हा टेम्पोवाला, त्याच्या मागचा आणि सून अशा तिघांनी तो ढकलत एक गाडीभर पुढे नेला. पुन्हा रांग सरकली. पुन्हा ढकलला. तिसऱ्या वेळी टेम्पोवाल्याने अण्णांना विचारलं, "काका, ही चालते की हिला अशीच आणता?"

"शिकतेय ती," अण्णा स्टिअरिंग सांभाळत म्हणाले.

बाराला वीस मिनिटं असताना पुढे एकच गाडी उरली. सुनेने वायर जोडली, आत येऊन बसली, अण्णांनी गाडी चालू केली आणि हात मांड्यांखाली घेतले. "एक," सून म्हणाली. टिकटिक सुरू झाली. पुढची गाडी निघून गेली. अधिकारी कागद लावलेली पाटी घेऊन आला, अण्णांच्या बाजूच्या खिडकीपाशी थांबला.

"सतरावं कलम," तो म्हणाला. "बघू."

आणि त्याने खिडकीतून हात आत घातला.

पुढे काय घडलं ते अण्णांनी ठरवून केलं नाही. त्यांचे दोन्ही हात मांड्यांखालून निघाले, पण बटणाकडे गेले नाहीत. त्यांनी अधिकाऱ्याचं मनगट पकडलं. बटणापासून चार बोटांवर.

"सदतीस," सून म्हणाली.

"हात सोडा," अधिकारी म्हणाला.

"सोडतो, साहेब. अजून त्रेपन्न सेकंद."

"सरकारी कामात अडथळा होतोय हा."

"होतोय," अण्णांनी मान्य केलं. "साहेब, अकरा वर्षं मी हे बटण फिरवतोय. कालपासून आम्ही चार वेळा बिघडवलं. या पोरीने आठवडाभर रस्त्यावर आडवं पडून काम केलंय. आता ते माझ्या हाताने नासायला नको, आणि तुमच्याही नको. सात शाखांच्या पेट्या आहेत मागे. एक मिनिटसुद्धा नाही मागत मी."

"अठ्ठेचाळीस," सून म्हणाली.

अधिकाऱ्याने हात ओढला नाही. त्याने मान तिरकी करून कान आत घातला. "हा आवाज कसला?"

"मोजतेय ती," सून म्हणाली. "झडप कुठपासून कुठपर्यंत जाते ते. पंचावन्न."

"मग मी हात लावला असता तर?"

"तुमच्या हातापाशी जग संपलं असतं. सत्तावन्न."

अधिकाऱ्याने हात होता तिथेच ठेवला. मागचा टेम्पोवाला काय चाललंय ते बघायला उतरून आला आणि कोणी काही न सांगता त्यानेही हात पाठीमागे बांधले. सत्तराला टिकटिक थांबली, उलट्या दिशेने सुरू झाली. काच पूर्ण पांढरी झाली होती. अण्णांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे ती दिसू नये. शहाऐंशी. सत्त्याऐंशी. टिकटिक एकदा अडखळली, आणि आतून काहीतरी हलकेच टेकल्याचा आवाज आला.

"नव्वद," सून म्हणाली. "आता काचेवर न्या."

अण्णांचे दोन्ही हात मोकळे नव्हते. बटण सुनेने फिरवलं. काचेच्या खालच्या कडेला एक स्वच्छ पट्टी उमटली, मग ती वर चढत गेली. आधी समोरच्या भिंतीचा पाया दिसला, मग भिंत, मग भिंतीवरचं घड्याळ. बाराला सोळा मिनिटं कमी.

अधिकाऱ्याने ते घड्याळ काचेतून नीट पाहिलं. "एक मिनिट दहा सेकंद," तो म्हणाला. "पास. माझा हात आता परत मिळेल का? मला सही करायची आहे."

अण्णांनी हात सोडला, आणि वाईट वाटून मनगटावरची बाहीसुद्धा सरळ करून दिली.

अधिकाऱ्याने सतराव्या कलमासमोरची फुली खोडली आणि पाटी पुढे केली. "दोषाचं कारण लिहावं लागतं. झीज, अपघात किंवा इतर. एकावर खूण करा."

"गिअरचे दात तुटले होते," सून म्हणाली. "झीज लिहा, अण्णा."

अण्णांनी पेन घेऊन तिन्ही चौकटी वाचल्या. मग त्यांनी 'इतर'वर खूण केली.

"इतर असेल तर एका ओळीत खुलासा लागतो," अधिकारी म्हणाला.

अण्णांनी खुलासा लिहिला. सुनेने वाकून वाचला: 'मालकाला हात आवरत नव्हता. आता आवरतो.'

"अण्णा," ती म्हणाली, "एकाच प्रयोगावरून 'आता आवरतो' असं नाही लिहिता येत."

अण्णांनी विचार केला. तिचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी शेवटचे दोन शब्द खोडले, वर 'प्रयत्न चालू आहे' असं लिहिलं, आणि अधिकाऱ्याने त्यावर शिक्का मारला.